सेवेचा हिशेब

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या तालुक्यात एक वाद पेटला. जमिनीची धूप, माती परीक्षण, सेंद्रिय कर्ब अशा विषयांवर शेतकऱ्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर ठरत होतं, आणि जागा म्हणून कुणीतरी एका धार्मिक संस्थेच्या शेतीकेंद्राचं नाव सुचवलं. संस्था कुठल्या धर्माची हे मी मुद्दाम सांगत नाही. ते सांगितलं की पुढचं वाचायच्या आधीच निम्म्या वाचकांची बाजू ठरून जाते, आणि ग्रामसभेत नेमकं तेच झालं. एक गट म्हणाला, ही शेती नव्हेच, हा धर्मप्रसाराचा बांध आहे. आज शिबिर, उद्या सत्संग. दुसरा गट म्हणाला, विद्यापीठांनी आणि खतांच्या कंपन्यांनी माती मारली, आता धर्मच तिला वाचवू शकतो. दीड तास हे चाललं. त्या दीड तासात केंद्राच्या रानातली माती आज कशी आहे, त्यांच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं, बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्याचं या शेजारामुळे काही भलं झालं का, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी शिबिर तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात झालं. मातीविषयीचं शिबिर फरशीवर बसून.

माझं म्हणणं आधीच सांगतो. श्रद्धेच्या आधारावर शेतीचं आणि पर्यावरणाचं केंद्र चालवणाऱ्या माणसांना त्यांच्या श्रद्धेबद्दल सूट देऊ नये, आणि शिक्षाही करू नये. त्यांच्याजवळ मौल्यवान असं जे आहे ते धर्मग्रंथातलं शेतीज्ञान नव्हे, आणि पावित्र्य तर नव्हेच. त्यांच्याजवळ मुक्काम आहे. एका जागी वीस-तीस-चाळीस वर्षं राहण्याची तयारी, आणि आपण गेल्यावर आपल्या जागी दुसरं कुणी येईल याची व्यवस्था. त्यांना जोखायचं असेल तर या मुक्कामातून कुंपणाबाहेर काय गेलं यावरून जोखावं. आणि त्यासाठी हिशेब मागावा, सेवेचासुद्धा.

मुक्काम हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. शेतीतलं खरं काम माणसाच्या उत्साहापेक्षा जास्त काळ चालतं. धुपून मुरूम उघडा पडलेल्या माळावर चर खणले, बांध घातले, गवत राखलं, तरी मुठीत धरता येईल अशी माती तिथं दिसायला कैक पावसाळे जातात. चिंच लावणारा माणूस भरघोस फळाला आलेली चिंच आपल्या म्हातारपणी बघतो, नाहीतर बघतच नाही. याउलट आपल्याकडच्या योजना पाहा. सरकारी प्रकल्पाला तीन-पाच वर्षांची मुदत असते, कंपन्यांकडून येणारा निधी दरवर्षी नव्यानं मागावा लागतो, कृषी सहायकाला गावातले गट नंबर पाठ होतात तोवर त्याची बदली येते. यात कुणी वाईट नाही. पण मातीचं घड्याळ निराळं आणि या सगळ्यांचं निराळं. ज्याला त्याच गावात म्हातारं व्हायचं आहे असा माणूस या कामाला लागतो. शेतकरी स्वतः तसा असतो, पण त्याच्या मानेवर दर हंगामाला कर्जाचा हप्ता असतो. ज्यांच्या मानेवर तो हप्ता नाही आणि ज्यांनी जागा सोडायची नाही असं ठरवलं आहे अशी माणसं समाजात फार थोडी. मठ, आश्रम, मिशन यांत ती आढळतात, हे नाकारून चालणार नाही.

नगर जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. १९४८ मध्ये ते भारतात आले, आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी इथल्या अवर्षणप्रवण गावांसाठी दिला. अहमदनगरचं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं, सोशल सेंटर त्यांनी साठच्या दशकात उभं केलं. पुढं १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला, त्यात नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासाची बँक आली, आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. या कामाची रीत अशी की निधी येण्याआधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवायची, आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यायचं. प्रत्येक शेताचा आराखडा त्या शेताच्या मालकानं आणि त्याच्या बायकोनं, दोघांनी मिळून, तांत्रिक माणसाबरोबर शेत चालून ठरवायचा. नवरा-बायको दोघंही हवीत हा आग्रह मला त्या साऱ्या कार्यक्रमातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो, कारण बांध कुठं पडला की चाऱ्याचा आणि सरपणाचा रस्ता बदलतो हे बाईला आधी कळतं. आणि हे करताना डोळ्यापुढं नमुना कुठला होता? राळेगणसिद्धीचा. जिथं १९७५ च्या सुमारास कामाची सुरुवात यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानं झाली होती. एका देवळाच्या ओट्यावरून निघालेला विचार एका चर्चच्या माणसानं उचलला आणि संगमनेरच्या दरेवाडीसारख्या गावांपर्यंत नेला. या साखळीत कोणता धर्म जिंकला म्हणायचं?

तरीही विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा बाजूला सारता येत नाही. धर्मसंस्थेचं अन्न आणि धर्मसंस्थेची दीक्षा यांत दुष्काळात फार अंतर राहत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत महाराष्ट्रात मिशनांनी हजारो जीव वाचवले आणि त्याच काळात बाप्तिस्मेही वाढले. दोन्ही खरं आहे. भुकेल्याच्या हातात भाकरी देणाऱ्याचा शब्द मोडवत नाही. आज मिशनच्या जागी दुसऱ्या कुठल्या पंथाचा आश्रम असेल आणि भाकरीच्या जागी मोफत बियाणं असेल, तरी हाताची उतरंड तीच राहते. देणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी घेणाऱ्याच्या मनात ओशाळेपणा असतोच. ज्यांना हा आक्षेप नुसता द्वेषातून आलेला वाटतो त्यांनी एकदा घेणाऱ्याच्या बाजूनं विचार करून पाहावा.

पण या आक्षेपाचं आपण काय केलं, तेही पाहायला हवं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, विधवा मुलींसाठीच्या त्या निवासी शाळेवरून, १८९१ ते १८९३ या काळात पुण्यात जे रान पेटलं ते धर्मांतराच्या प्रश्नावर. केसरीनं टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता, संस्था धर्माबाबत तटस्थ राहील असा शब्द दिलेला होता. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागं पडला: या विधवा मुलींना आम्ही स्वतः काय देणार आहोत? पुढं रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग आणि शेती उभी केली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली तिथं आणल्या. केडगावच्या रानात त्या मुली राबल्या, शिकल्या, जगल्या. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तेव्हा दुसरी विहीर खोदली? आक्षेप घेण्याचा हक्क दुसरी विहीर खोदली तरच मिळतो असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की धर्मांतराची शंका हा चौकशीचा आरंभ असावा, चौकशी टाळण्याचं कारण नव्हे. केंद्राचा लाभ घेणाऱ्यांत इतर धर्मांचे, इतर जातींचे लोक किती आहेत? प्रार्थनेला न येणाऱ्याला बियाणं मिळतं का? ही विचारता येण्याजोगी, तपासता येण्याजोगी गोष्ट आहे. आपण तपासत नाही, कारण झगा किंवा कफनी पाहून निकाल देणं सोपं. फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईचा हरित पट्टा वाचवण्यासाठी, टँकरनं उपसल्या जाणाऱ्या विहिरींसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. पण २०१९ मध्ये ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा विरोध करणाऱ्यांनी ते धर्मगुरू आहेत एवढंच पाहिलं. वसईच्या विहिरींचं पाणी त्यांना दिसलं नाही.

आता मला जो आक्षेप स्वतःला छळतो त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका आश्रमाच्या आदर्श शेतीवर गेलो होतो. नाव सांगत नाही. वाफे रेघ मारल्यासारखे, आच्छादन वीतभर जाड, माती उकरली तर गांडुळं. दाखवणारा तरुण साधक मोठ्या आनंदानं सांगत होता की एकरी खर्च जवळपास शून्य आहे, शेतकऱ्यांनी हेच करावं. मी विचारलं, या एकरात वर्षभरात किती माणसांचे किती दिवस लागले? तो शांतपणे म्हणाला, "सेवेचा हिशेब ठेवायचा नसतो." त्याच्या शांतपणानं मी आणखी अस्वस्थ झालो. कारण माझ्याबरोबर आलेला शेतकरी मनातल्या मनात तो हिशेब करत होता. परतताना गाडीत तो म्हणाला, "रोज दहा माणसं फुकट दिली तर मी पण करतो की." हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. देणग्यांतून घेतलेली जमीन, भक्तांचे हात, बाजाराची फिकीर नाही, पीक बुडालं तरी चूल पेटणार. अशा शेतीचा आदर्श ज्याची चूल त्या पिकावर आहे त्याच्यापुढं ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. तो शेतकरी मग घरी जाऊन ठरवतो की हे सगळं देवाच्या माणसांचं, आपलं नव्हे, आणि जे खरोखर शिकण्यासारखं होतं, ते आच्छादन, ती गांडुळं, तेही सोडून देतो.

आणि हा प्रश्न आजचाही नाही. युरोपात बाराव्या शतकात सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, पाण्याचे पाट काढले, मेंढपाळी वाढवली. त्यांचं कौतुक इतिहासात भरपूर आहे. पण शेतावर राबणारे बरेचसे अशिक्षित बंधू निराळे आणि गायनगृहात प्रार्थना म्हणणारे भिक्षू निराळे. एकाच देवाच्या घरात दोन पंगती. आपल्याकडच्या संस्थांत ही दुसरी पंगत कुणाची, हे विचारायलाच हवं. शेण कोण काढतं, गोठा कोण धुतं, प्रवचन कोण देतं, पाहुण्यांच्या शेजारी जेवायला कोण बसतं?

मग श्रद्धेची शेती हिशेबी असूच शकत नाही का? माझं उत्तर ठाम आहे: असू शकते, आणि त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हा प्रयोग विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत स्वतःच्या अंगावर करून पाहिला. दिवसाचे तासन्‌तास सूत कातायचं, त्या सुताची बाजारात जी मजुरी पडते तेवढ्यातच जगायचं. हिशेब त्यांनी स्वतःच्या पोटावर मांडला. १९५० मध्ये वर्ध्याजवळच्याच पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग सुरू केला, पैशाची देणगी नाकारली, आणि बैलांशिवाय, हातानं करायच्या शेतीला ऋषिशेती म्हटलं. ती शेती सगळ्या शेतकऱ्यांनी करावी असं मला वाटत नाही. पण मी किती तास राबलो आणि मला किती मिळालं हे लपवायचं नाही, ही वृत्ती मला प्रामाणिक वाटते. सेवेचा हिशेब ठेवायचा नसतो असं म्हणणाऱ्या साधकाला मी पवनारकडेच बोट दाखवीन. धाम नदीच्या काठच्या त्या आश्रमात १९५९ पासून ब्रह्मविद्या मंदिराच्या भगिनी राहतात, राबतात, निर्णय सर्वसंमतीनं घेतात, 'मैत्री' मासिक काढतात. तिथं कुणी मठाधिपती नाही. विनोबा १९८२ मध्ये गेले, तरी आश्रम उभा राहिला. आज त्या भगिनी वयस्क झाल्या आहेत, नव्या फारशा येत नाहीत, आणि ही चिंता खरी आहे. पण संस्थापकाच्या फोटोवर चालणाऱ्या कितीतरी संस्था त्याच्यामागं वारसांच्या भांडणात बुडाल्या. त्यांच्याशी तुलना केली की अध्यक्षाविना चार दशकांहून अधिक काळ चाललेलं हे घर काय आहे ते कळतं.

पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारातली योगेश्वर कृषी हाही याच प्रश्नाला दिलेला एक जबाब होता. गावातली माणसं पाळीपाळीनं वर्षातले काही दिवस सामाईक शेतावर पुजारी म्हणून राबतात. उत्पन्न कुणा एकाचं नाही, गरजवंताला ते गाजावाजा न करता द्यायचं. पाळी असल्यामुळे कुणी कायमचा वेठीला धरला जात नाही, हे त्यात मला महत्त्वाचं वाटतं.

ज्ञानाच्या बाबतीत मात्र मी श्रद्धावानांच्या बाजूला उभा राहू शकत नाही. मंत्रानं पीक वाढतं, यज्ञाच्या राखेनं रोग जातो, अमुक गाईच्या अमुक गोष्टीत सगळं आहे, असे दावे अनेक केंद्रांत सर्रास होतात आणि त्यांना कुणी चाचणी मागत नाही. चाचणी मागितली की श्रद्धेचा अपमान होतो म्हणतात. पण हे श्रद्धेत अपरिहार्य आहे का? मध्य प्रदेशातल्या होशंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या नर्मदापुरमजवळच्या, रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आठवावं. हे क्वेकर पंथाच्या ख्रिश्चनांचं केंद्र. गांधीवादी शिक्षणतज्ज्ञ मार्जरी साइक्स तिथं राहिल्या. १९७२ मध्ये किशोर भारती या संस्थेबरोबर याच केंद्रानं १६ शाळांमधून होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू केला, ज्यात खेड्यातली मुलं पाठांतराऐवजी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत. गुरुजी सांगतात म्हणून खरं मानायचं नाही, हे शिकवायला एक धार्मिक केंद्र पुढं आलं! पुढं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रताप अग्रवाल यांनी तिथं नांगरट आणि रसायनं सोडून शेती करून पाहिली, आणि १९८८ मध्ये न नांगरता शेती करणारे जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका ती पाहायला आले. त्या शेतीला तिथं नाव काय? ऋषी खेती. पवनारच्या विनोबांचा शब्द, क्वेकरांच्या रानात, जपानी शेतकऱ्याच्या रीतीला. मातीत काम करणाऱ्यांना शब्दाची जात आठवत नाही, ती वाद घालणाऱ्यांनाच आठवते.

जमिनीचा प्रश्न राहतोच. महाराष्ट्रात धार्मिक आणि सार्वजनिक न्यासांच्या जमिनींना १९४८ च्या कुळकायद्यातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट मिळाली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा देवाच्या बांधापाशी थांबली. पिढ्यान्‌पिढ्या देवस्थानची जमीन कसणारी कुटुंबं आजही मालक नाहीत. म्हणून धर्मसंस्थेकडे आणखी जमीन जाताना माणसं बिचकतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पाणलोटाच्या कामातही एक किंमत कुणीतरी मोजली: चराईबंदी झाली की डोंगर हिरवा होतो, आणि मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराची वाट बंद होते. त्याच्या नावावर गट नंबर नसतो, म्हणून ग्रामसभेत त्याचा हात मोजला जात नाही. पाणी आलं की ते आधी ज्याची विहीर त्याचं. मग बोअर, मग कांदा, मग डाळिंब, आणि दहा वर्षांत पुन्हा टँकर. हिवरेबाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचाच नाही असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला म्हणून ते वाचलं. मुरवलेलं पाणी राखायला नियम लागतो, भक्ती पुरत नाही. जे केंद्र चर खणायला शिकवतं आणि उपशावर बोलायला कचरतं, त्यानं काम अर्ध्यावर सोडलं असं मी मानतो.

आणि जे म्हणतात की धर्मच निसर्ग वाचवेल, त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांकडे नीट पाहावं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की देवाच्या भीतीनं राखलेल्या या रानांत आसपास कुठंच न उरलेली झाडं आणि वेली टिकून आहेत. हे श्रद्धेचं मोठं देणं आहे आणि ते मी मान खाली घालून मान्य करतो. पण त्याच देवरायांत पुढं काय झालं? देव उघड्यावरच्या शेंदरी दगडात होता तोवर झाडांना अभय होतं. त्याला स्लॅबचं देऊळ हवं असं गावाला वाटू लागलं तसा जीर्णोद्धारासाठी पैसा लागला, आणि कित्येक ठिकाणी तो देवाच्याच झाडांतून उभा राहिला. श्रद्धा कमी झाली नव्हती. उलट वाढली होती. तिचं तोंड फक्त झाडाकडून इमारतीकडे वळलं. म्हणून मला श्रद्धा किती यापेक्षा तिचं तोंड कुठं आहे हे महत्त्वाचं वाटतं. अरणच्या सावता माळ्यानं पंढरपूरला न जाता मळ्यातच देव पाहिला असं वारकरी मानतात, आणि विठ्ठलाची पालखी अरणला येते. मळा सोडून जायचं नाही, देवानं यावं. श्रद्धेनं शेती करणाऱ्यांसाठी याहून कडक कसोटी मला माहीत नाही.

ग्रामसभेत विचारायला हवे होते ते प्रश्न साधे होते. तुमच्या केंद्रात दर एकरी किती मनुष्यदिवस लागतात, आणि त्यांची मजुरी धरली तर शेती नफ्यात की तोट्यात? माती परीक्षणाचे जुने अहवाल दाखवाल का, चांगल्या वर्षांचे आणि वाईट वर्षांचेही? तुमच्या बोअरची खोली किती? शेजारच्या किती बांधांवर तुमची रीत तुमच्या माणसाशिवाय चालू आहे? या प्रश्नांना उत्तरं नसती तर शिबिर तिथं नको म्हणायला मी सगळ्यात पुढं असतो. उत्तरं असती तर मंगल कार्यालयाच्या फरशीवर तीन दिवस बसायची गरज नव्हती.

आणि अशी उत्तरं देणारी माणसं आहेत. मराठवाड्यातल्या एका कोरड्या कोपऱ्यात ख्रिस्ती सिस्टर लोक एक लहानसं केंद्र चालवतात: चार एकर, रोपवाटिका, गांडूळखताचे सहा हौद, बायकांच्या बचतगटाची पत्र्याची खोली. त्या खोलीत खिळ्याला दोरीनं अडकवलेली एक लांबट वही मी पाहिली. आसपासच्या एकवीस विहिरींची पातळी, दर महिन्याची, फुटांत. गट नंबर, मालकाचं नाव, पाऊस, शेरा. पानं चाळली तर अक्षर दोनदा बदललेलं. सुरुवातीचं बारीक, तिरपं अक्षर एका केरळी सिस्टरचं, त्या आता हयात नाहीत. नंतरचं ठसठशीत अक्षर ज्यांचं, त्यांची झारखंडला बदली झाली. आताचं अक्षर जिचं ती तिशीतली, शेजारच्याच तालुक्यातली. माणसं तीन, रकाने तेच. साधकानं ठेवायचा नसतो म्हटलेला हिशेब इथं भिंतीवर लटकत होता आणि येणारा-जाणारा तो चाळत होता. वहीत देवाचं नाव मला कुठं दिसलं नाही.

मी तिथं असतानाच एक म्हातारे गृहस्थ आले, टोपी हातात घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले. गावानं नवीन बोअर घ्यायचा नाही असं ठरवलेलं, आणि त्यांनी रात्रीतून गाडी आणून घेतला होता. सिस्टरनं त्यांना बाकावर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि वही खिळ्यावरून काढली.

"किती फूट गेलात, मामा?"

"चारशे वीस."

"लागलं?"

त्यांनी मान हलवली. तिनं नवीन ओळ आखली, गट नंबर विचारून घातला, खोली लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कोरडा. मग पेन त्यांच्यापुढं धरून म्हणाली, "इथं सही करा. पुढच्या बैठकीत हे पान वाचायचंय."

मामांनी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं, आणि सही केली.